दहा वर्षांची गाडी: फुल इन्शुरन्स की नुसता थर्ड पार्टी?

बदलापूरचे काका
२०१६ ची वॅगनआर, ९९८ सीसी, ५८ हजार किलोमीटर चाललेली. पॉलिसी येत्या ११ तारखेला संपतेय. एजंटने दोन आकडे पाठवलेत. फुल इन्शुरन्स ६,१०० रुपये, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दोन लाख. नुसता थर्ड पार्टी घेतला तर मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कवच आणि जीएसटी धरून २,८०० च्या आसपास. आजवर एकही क्लेम नाही, म्हणून एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल गाडीच्या कवचाच्या हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के. मुलगा म्हणतो, "बाबा, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." मला नुसत्या थर्ड पार्टीवर गाडी काढायची भीती वाटते. तुम्ही काय करता?

हिशेबी
मुलगा बरोबर आहे. वर्षाला फरकाचे ३,३०० रुपये कशासाठी देताय ते बघा. समजा बंपर फुटला. बंपर ३,६०० चा, रंगकाम नि मजुरी २,४००, एकूण बिल ६,०००. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा, म्हणजे बंपरचे १,८००. रंगातही थोडं कापतात, तिथले धरा २,१००. त्यातून दर क्लेमला आपण सोसायचे सक्तीचे हजार वजा. हातात आले २,९००. पण क्लेम केला की एनसीबी शून्यावर. पुढच्या वर्षी तुमच्या गाडीच्या कवचाचा हप्ता दुप्पट, म्हणजे ३,३०० जादा. २,९०० घेऊन ३,३०० द्यायचे! वर ५० टक्क्यांपर्यंत परत चढायला पाच वर्षं. म्हणून तर तुम्ही इतक्या वर्षांत क्लेम केला नाहीत, आणि पुढेही करणार नाही.

नवा चालक
म्हणजे थर्ड पार्टीत आपली गाडी दुरुस्त करून मिळत नाही? मला वाटलं थोडं तरी देतात.

हिशेबी
एक रुपयाही नाही. ते समोरच्यासाठी असतं. आपल्या गाडीने कुणी दगावलं किंवा जखमी झालं तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई, समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत. ते कायद्याने सक्तीचं आहे, नसेल तर पहिल्यांदा २,००० दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही. त्यावर वाद नाहीच.

वाशिष्ठीकाठची
बंपरपुरता हिशेब बिनचूक आहे. पण इन्शुरन्स बंपरसाठी घेतात असं कुणी सांगितलं? २२ जुलै २०२१ ला पहाटे चिपळूणमध्ये पाणी शिरलं. आमची २०१२ ची अल्टो छपरापर्यंत बुडाली. पॉलिसी फुल होती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, तसंच झालं. १ लाख ३५ हजार आयडीव्ही, त्यातून हजार वजा होऊन बाकी सगळे मिळाले. शेजारच्या भाऊंकडे नुसता थर्ड पार्टी. त्यांनी तशीच गाडी भंगारवाल्याला दिली. त्या दोन आठवड्यांत घरात गाळ, दुकानात गाळ. हातात आलेले १ लाख ३४ हजार काय असतात ते आम्हाला विचारा.

आणखी एक. आळीतल्या एकांनी पाणी ओसरल्यावर चालू होतेय का बघायला चावी फिरवली. इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला. सर्व्हेअरने इंजिनाचा खर्च नाकारला, कारण ते पुराने नाही, चावीने झालं. इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाचं जादा कवच) नसेल तर बुडालेल्या गाडीची चावी फिरवायची नाही. थेट टोइंग.

हिशेबी
ताई, तुमच्या गावात मीही फुलच घेतला असता. प्रश्न काकांच्या गाडीचा आहे. पूररेषेत राहतो त्याने घ्यावा, टेकडीवरच्याने का? आणि दुसऱ्याने ठोकलं तर त्याच्या थर्ड पार्टीतून मागता येतंच.

वाशिष्ठीकाठची
मागता येतं. तारखांना गेलायत का कधी?

बदलापूरचे काका
आमची सोसायटी उंचावर आहे. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, त्या दिवशीही आमच्याकडे पाणी नव्हतं. पण आठवड्यातून दोनदा नातीला सांभाळायला दादरला जातो, तेव्हा गाडी स्टेशनजवळ दिवसभर झाडाखाली असते.

गॅरेजवाला
पंचवीस वर्षं हात काळे केलेत म्हणून बोलतो. दोघंही बरोबर आहात आणि दोघंही एका आकड्यावर अडलात. काका, तुम्ही बारीकसारीक क्लेम करतच नाही. मग सक्तीच्या हजारावर आणखी ५,००० स्वतः सोसायची तयारी एजंटला लिहून द्या. व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणतात. जुन्या टॅरिफप्रमाणे ५,००० ला गाडीच्या कवचावर २५ टक्के सूट, जास्तीत जास्त १,५००. पूर, चोरी, आग, अंगावर पडलेलं झाड, हे सगळं शाबूत राहतं. बंपर स्वतःच्या खिशातून. हिशेबी भाऊंच्या गणितातला तोटा तिथेच संपतो.

आयडीव्ही मात्र हप्ता कमी दिसावा म्हणून खाली आणू नका. पाच वर्षांपुढच्या गाडीला ठरलेला तक्ता नसतो, दोघांच्या संमतीने ठरते. आमच्याकडे एकाने दोन लाखांची गाडी १ लाख १० ला लावली होती, तीनचारशे वाचवायला. चोरीला गेली. झिरो डेपचं (घसारा न कापणारं जादा कवच) कुणी सांगितलं तर सोडून द्या, इतक्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत.

आणि सीएनजी आहे का गाडीत?

दादरकर
एनसीबीबद्दल कुणी अर्धंच बोललंय. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलंत तर तीन वर्षांत नव्या गाडीला लागू होतं. नव्या गाडीच्या कवचाचा हप्ता २०,००० असेल तर १०,००० वाचतात. पण आत्ता थर्ड पार्टीवर आलात आणि मुदतीनंतर ९० दिवस उलटले की तो ५० टक्के गेला. काकांच्या घरात दोनतीन वर्षांत नवी गाडी येणार असेल तर ३,३०० हा खर्च वेगळ्या डोळ्यांनी बघा.

हिशेबी
हे मात्र मी धरलं नव्हतं. नवी गाडी येणार असेल तर माझं मत बदललं. हीच गाडी आरसी संपेपर्यंत, २०३१ पर्यंत चालवायची असेल तर बदललं नाही. मग वर्षाचे ३,३०० वेगळ्या खात्यात टाका.

वाशिष्ठीकाठची
टाकणार तुम्ही. बाकीचे दिवाळीत काढणार.

एक वाटसरू
गाडी विका, रिक्षाने जा, सगळे सुटाल.

बदलापूरचे काका
वाटसरू, बदलापूर पश्चिमेला पावसात रिक्षा मिळवून दाखवा, मग बोलू.

नव्या गाडीचं मुलाला विचारलं. "बघू" म्हणाला. त्याच्या "बघू"चा अर्थ दीड वर्षात घेईन असा असतो, त्यामुळे दादरकरांचा मुद्दा लागला. फुल घेतोय, ५,००० च्या डिडक्टिबलसह.

गॅरेजवाले, तुमच्या प्रश्नावर आज कपाटातून कागद काढले. २०१९ मध्ये सीएनजी किट बसवलं, आरसीवर नोंद आहे. पॉलिसीवर मात्र अजून 'पेट्रोल' लिहिलंय. इतकी वर्षं मी फक्त हप्त्याची रक्कम वाचत होतो.

गॅरेजवाला
हेच तर विचारत होतो. आग लागली असती तर क्लेम तिथेच अडकला असता. किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये, एवढंच भरायचं असतं. ११ तारखेच्या आत नोंदवून घ्या, आणि किटचं बिल शोधा.

बदलापूरचे काका
बिल हिच्या साड्यांच्या पिशवीत सापडलं. उद्या सकाळी एजंटकडे जातो.