कोकणातल्या बागेसाठी छोटी गाडी सुचवा (बजेट ३ लाख, ट्रॅक्टर नको)

माहेर_डोंबिवली
नमस्कार मंडळी. सासर राजापूर तालुक्यात. मिस्टर रिटायर झाल्यापासून वर्षातले आठ महिने आम्ही गावीच असतो. घरापासून सव्वा किलोमीटरवर सड्यावर (कातळाच्या माळावर) अडीच एकर बाग आहे, ९० हापूस कलमं आणि कडेने काजू. डांबरी सुटली की शेवटचे ४०० मीटर पाणंद. खाली जांभा, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपण), मध्ये एक वळण आणि वळणावरच चढण. आजवर सगळं सामान माणसांच्या डोक्यावरून गेलं. आता डोकीच मिळत नाहीत.

वाहायचं काय, तर शेणखत, फवारणीचं पाणी (२०० लिटरचे बॅरल), सिझनला आंब्याचे क्रेट खाली डांबरीपर्यंत, मधूनमधून सिमेंट, चिरे, सिलिंडर. शिवाय सासरे ८४ वर्षांचे आहेत, त्यांना महिन्यातून दोनदा राजापूरला डॉक्टरकडे न्यावं लागतं. बजेट तीन लाख, सेकंडहँड चालेल. गाडी मी चालवणार, मिस्टर चालवत नाहीत. ट्रॅक्टर नको, शेडला जागा नाही.

ऊसपट्टा
मिनी ट्रॅक्टर घ्या. १५ एचपीचा बास होतोय तुम्हाला. मागं दोनचाकी ट्रॉली जोडायची की झालं. आमचा नऊ वर्षं झाली पळतोय, फक्त ऑइल आणि एकदा क्लच प्लेट. शेडबिड काय लागत नाही, आमचा उघड्यावरच असतोय.

माहेर_डोंबिवली
दादा, आमच्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्यावर माणूससुद्धा गंजतो. आणि सासऱ्यांना ट्रॉलीत बसवून दवाखान्यात नेऊ का?

ऊसपट्टा
आमचं आख्खं वऱ्हाड जातंय ट्रॉलीतनं.

घाटवाट
दादा, माझं ऐका, बजेट जरा ताणा आणि बोलेरो कॅम्पर घ्या. पुढे पाच माणसं, मागे हौदा. एकदाच घ्यायची तर चांगलीच घ्यावी. मी माझी घेतली तेव्हा घरचे ओरडले होते, आता तेच लग्नाला मागून नेतात. दहाच्या आसपास जाईल, पण लोन होतं.

काजूबोंडू
'दादा' काय, त्या सून आहेत, पहिल्याच ओळीत लिहिलंय. आणि तीनाचे दहा म्हणजे 'जरा' ताणणं का?

पेन्शनर_अप्पा
आजकाल कशालाही चारचाकी लागते. १९९१ साली आम्ही एम-एटीवर पुढे खताचं पोतं, मागे बायको आणि हँडलला दुधाचे कॅन घेऊन घाट चढलो आहोत. एखादी टीव्हीएस एक्सएल १०० घ्या. पुढे सपाट जागा असते, एक क्रेट सहज बसतो. दोन लाखांच्या वर वाचतील, ते मुदत ठेवीत टाका.

टिलरवाला_चिपळूण
माझ्याकडे १३ एचपीचा पॉवर टिलर आणि मागे ट्रेलर आहे. अरुंद जागी याच्यासारखं दुसरं काही नाही. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो, मला पाच टाके पडून कळली. टिलर वळवायला दोन्ही हँडलखाली एकेक क्लच असतो. सपाटीवर उजवा दाबला की उजवीकडे वळतो. उतारावर भरलेला ट्रेलर मागून ढकलत असताना उजवा दाबलात, तर ते चाक मोकळं सुटून पुढे पळतं आणि यंत्र जातं डावीकडे. मी चिरे भरून उतरत होतो. उजवीकडे वळायचं म्हणून उजवा दाबला आणि सरळ डावीकडच्या गडग्यात. तेव्हापासून उतारावर पहिला गिअर, क्लचला हात नाही, नुसतं हँडल रेटायचं.

तरी घ्याच म्हणतो. नांगरट पण होते.

काजूबोंडू
कलमांच्या बागेत सड्यावर नांगरणार काय, कातळ?

डॅलसकर
इथे टेक्सासात माझी १२ एकर जागा आहे. मी जपानहून १९९६ ची सुझुकी कॅरी आणली. ६६० सीसी, फोर व्हील ड्राइव्ह, हौद्याच्या तिन्ही बाजूंच्या फळ्या खाली पडतात. २५ वर्षं जुनी झाली की इथे आणता येते. त्याआधी शेतातली साइड-बाय-साइड बग्गी बघितली होती, तिच्या किमतीत अशा दोन आल्या असत्या. शेजारचे गोरे येऊन फोटो काढतात. तुम्हाला हेच हवंय, डोळे झाकून घ्या.

घाटवाट
राजापुरात कुठल्या शोरूमला मिळते ही?

डॅलसकर
भारताचं मला माहीत नाही. मी फक्त अनुभव सांगितला.

बांद्याकडचो
ताईनू, सगळी गाडयेची नावा सांगतत, पाणंद कोण मोजणा नाय. आधी टेप घेवन जावा आणि वळणार मोजा. गाडी घेवन मगे मोजूक गेलात तर गडगो फोडूचो लागात, आणि गडगो फोडल्यार शेजारी तुमका फोडतलो.

आरटीओ_पीडित
पिवळी पाटी (धंद्याच्या गाडीची नोंदणी) घेण्याआधी खर्च बघा. मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमाच सोळा हजारांच्या घरात जातो. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, एवढाच दिलासा. सासऱ्यांसाठी ड्रायव्हरशेजारी एक सीट असते. डॉक्टरकडे सासूबाई पण येणार असतील तर त्या हौद्यात.

घाटवाट
आणि बॅज काढावा लागेल, साध्या लायसनवर चालत नाही.

आरटीओ_पीडित
चालतं. साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या साध्या लायसनवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलंय.

घाटवाट
आमच्या एजंटने तर बॅजचे पैसे घेतले.

आरटीओ_पीडित
एजंट कोर्टाच्या वर असतो.

जुना_छोटा_हत्ती
सेकंडहँड टाटा एस बघा. २००५ साली आली तेव्हापासून गल्लीबोळात हीच आहे. जुनीचं दोन सिलिंडरचं ७०२ सीसी डिझेल इंजिन गावातला कोणीही मेस्त्री उघडतो. रुंदी दीड मीटर.

कुठलीही घ्या, पण कोकणातली सेकंडहँड मालवाहू गाडी घेताना आधी हौद्याला नाक लावा. मी घेतलेल्या एका गाडीचा आधीचा मालक बंदरावरून मासळी वाहायचा. त्याने रंग देऊन चकाचक केली होती. बर्फाचं खारट पाणी दोन वर्षं चेसीवर गळलेलं. खाली पडून स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पापडासारखा आत गेला. हे मी व्यवहार झाल्यावर केलं, तुम्ही आधी करा. वास तर अजून आहे, मांजरं मागे लागतात.

निळी_कॅरी
मारुती सुपर कॅरी घ्या. माझी २०१९ ची पेट्रोल. चार सिलिंडर, कारसारखी चालते, थरथर नाही. माझी बायकोही चालवते.

माहेर_डोंबिवली
'बायकोही' बद्दल आभार. टेप घेऊन गेले होते. पाणंद बहुतेक ठिकाणी सात फूट आहे, पण वळणावर दोन जुने मोठे चिरे पुढे आलेत, तिथे पाच फूट दोन इंच. शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, आजोबांनी घातलेला गडगा आहे. विषय संपला.

निळी_कॅरी
माझी १५६२ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट दीड इंच. आरसे मिटले की जाईल.

काजूबोंडू
जाईल, पण मध्येच बंद पडली तर माणूस उतरणार कुठून? दार उघडायला अर्धा इंच.

निळी_कॅरी
माझी कधी बंद पडत नाही.

हिशेबनीस
कोणी हिशेब मांडलाय का? मोठ्या कलमाला ५० किलो शेणखत धरा. ९० कलमं म्हणजे साडेचार टन, तेही वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर. त्यासाठी गाडी पाळायची नाही. डांबरीपर्यंत भाड्याचा पिकअप, पुढे दोन दिवस गडी आणि एकचाकी गाडे.

पाण्याचं त्याहून सोपं. मोहोराच्या वेळापत्रकात सहा फवारण्या. झाडाला दहा-पंधरा लिटर धरलं तर एका फवारणीला हजार-बाराशे लिटर, म्हणजे पाच-सहा बॅरल. वर्षाचे तीसच्या वर बॅरल पाणंदीने चढवणार? बागेत दोन हजार लिटरची टाकी बसवा आणि घरच्या विहिरीवरून पाइप टाका. पाणी चढवायला पंप असतो, गाडी नसते. मग उरतात क्रेट, किरकोळ सामान आणि सासरे. हीच खरी गरज. यासाठी काय लागतं ते शोधा.

सेंद्रियवाला
शेणखत चांगलं कुजलेलं आहे ना? कच्चं घातलंत तर हुमणी आणि वाळवी दोन्ही. आमच्याकडे गांडूळखत आहे, व्यक्तिगत निरोप करा.

ऊसपट्टा
कोंबडखत घाला.

सेंद्रियवाला
कोंबडखत उष्ण पडतं.

बांद्याकडचो
देवगडात आमी कोंबडखत घालणव नाय, म्हणान आंबो तसो लागता.

पेन्शनर_अप्पा
रत्नागिरीच्या हापूसला देवगडची सर नाही असं म्हणायचं आहे का? स्पष्ट बोला.

(यापुढचे ११ प्रतिसाद आंब्यावरून होते, 'आंबा' धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

टिलरवाला_चिपळूण
ताई, टिलरला अनुदान पण आहे. महाडीबीटीवर अर्ज करा, महिला शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत मिळतं, इतरांना ४०. फक्त सातबारा तुमच्या नावावर हवा.

माहेर_डोंबिवली
सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. त्यातली नऊ स्वर्गात आणि दोन नालासोपाऱ्यात. माझं नाही.

टिलरवाला_चिपळूण
मग राहू दे.

विजेचा_झटका
एक लक्षात घ्या, भविष्य इलेक्ट्रिकचं आहे. तीनचाकी इलेक्ट्रिक लोडर घ्या, घरी चार्ज होतो, खर्च शून्य.

काजूबोंडू
तीनचाकी, जांभ्याच्या चढणीवर, वळणावर, क्रेट भरून? आमच्याकडे एकाची पुढची टांग उचलली गेली आणि ड्रायव्हर आकाशाकडे बघत बसला. आणि जून-जुलैत राजापुरात वीज किती दिवस असते ते ताईंना विचारा.

घाटवाट
कॅम्परचं काय ठरलं?

माहेर_डोंबिवली
मंडळी, घेतली. आधी सांगते, कोणीही सुचवली नव्हती.

मारुती ओम्नी, २०१३ ची, एक लाख दहा हजार. लांज्याच्या एका निवृत्त मास्तरांची होती, मासळी कधी वाहिली नाही. (नाक लावून आणि स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितलं, जुना_छोटा_हत्ती यांचे आभार. मास्तर जरा दुखावले.) रुंदी १४१० मिलिमीटर, म्हणजे वळणावर दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सुटतात. मागचं दार सरकतं, त्यामुळे गडग्याला खेटून उभी असली तरी क्रेट काढता येतो आणि माणूसही उतरतो. पांढरी पाटी. मागची सीट काढली की पंधरा क्रेट बसतात. हिशेबनीस यांचं ऐकून पाइपही टाकला, वर टाकी बसवली. खत भाड्याच्या पिकअपने आणणार आहे. सगळं मिळून दोन लाखांच्या आत.

घाटवाट
ओम्नी??? २०१९ मध्ये बंद झाली ती. पुढे बोनेट नाही, गुडघे हाच बंपर. बेबी, कॅम्पर घेतली असती तर

काजूबोंडू
'बेबी'?

घाटवाट
'बाई' लिहायचं होतं. कीबोर्ड. माफी असावी.

आरटीओ_पीडित
२०२८ ला पंधरा वर्षं भरतील, पासिंग लक्षात ठेवा. आणि पांढऱ्या पाटीत स्वतःचाच माल न्या, शेजाऱ्याचे क्रेट भाड्याने नेलेत तर पकडतील.

निळी_कॅरी
हौदा नसलेल्या गाडीत चिरे कसे भरणार?

जुना_छोटा_हत्ती
भरू नका. तीनशे-साडेतीनशे किलोच्या पुढे जाऊ नका, मागचे पाटे (स्प्रिंगा) बसतील. आणि ओढ मागच्या चाकांना आहे. भरलेली असेल तर चढते, रिकामी असली की ओल्या जांभ्यावर मागची चाकं नुसती फिरतात. पावसाळ्यात मागे चार-पाच चिरे टाकून ठेवा.

माहेर_डोंबिवली
हे परवाच कळलं. रिकामी नेली आणि वळणावर शेवाळावर अडकले. मिस्टरांना मागे बसवलं, तरी हलेना. मग ज्यांच्या आजोबांचा गडगा आहे ते शेजारी बाहेर आले, काही न बोलता मागे बसले, आणि चढली.

बांद्याकडचो
म्हणजे वजन होतां शेजाऱ्याक. 🙂

डॅलसकर
फोटो टाका ना.

माहेर_डोंबिवली
गाडीचा नंतर टाकते. काढलेली सीट पडवीत ठेवली आहे. सासरे सकाळपासून तिच्यावर बसलेत आणि डॉक्टरकडे जायचं म्हटलं तरी उठत नाहीत. म्हणतात, गाडीतच तर बसलोय.