पुणे–वाई–प्रतापगड–महाड–भोर सायकल लूप: कुठल्या बाजूने फिरावं? मुक्काम कुठे?

निवांत_पेडल:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मी आणि मेहुणा सायकलवर सामान लादून चार-पाच दिवस सह्याद्रीत फिरायचं म्हणतोय. ढोबळ रूट असा डोक्यात आहे, पुणे ते भोर, मांढरदेवी घाटाने वाई, पसरणीने पाचगणी-महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर-महाड आणि वरंध्याने परत भोर. पॉइंट बघायचे नाहीयेत, सनसेट बिनसेट काही नको, जुनी गावं, घाट, देवळं, वाडे, जंगलातले रस्ते असं पाहिजे. मी पंचेचाळिशीचा, रोज ऑफिसला सायकलने जातो पण सामान घेऊन घाट कधी चढलेलो नाही, मेहुणा मात्र तिशीतला आहे आणि त्याला प्रत्येक चढावर पुढे जाऊन वाट बघत उभं राहायची वाईट खोड आहे. दोघांकडे हायब्रिड, पुढे तीन चकत्या, मागे सगळ्यात मोठी ३४ दात्यांची, टायर ३५ मिलीमीटरचे. विचारायचं हे की हीच दिशा बरोबर का उलटी? आणि महाबळेश्वर सोडून मुक्काम कुठे करता येईल, कारण तिथले डिसेंबरचे रेट बघून मेहुण्याने घरी बसायची भाषा सुरू केली आहे.

सातारी_चेन:
दिशा बरोबर आहे, पण तुमच्या प्लॅनमधला सगळ्यात अवघड दिवस महाबळेश्वरचा नाहीये, तो मांढरदेवीचा आहे. तिथलं काळूबाईचं, म्हणजे मांढरदेवीचंच, देऊळ साडेचार हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे जवळपास महाबळेश्वरच्याच उंचीला, आणि भोर सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे तेवढं सगळं चढायचं, मग वाईला उतरून कमावलेली सगळी उंची घालवायची, आणि पुढच्या दिवशी पसरणीत ती पुन्हा पहिल्यापासून कमवायची. लोक किलोमीटर मोजतात आणि भोर ते वाई पंचेचाळीस-पन्नासच आहे म्हणून दुपारी निघतात, मग घाटात ऊन आणि सामान दोन्ही अंगावर येतं. त्यामुळे पहिला मुक्काम भोरलाच करा आणि पहाटे निघा. भोर तसंही थांबण्यासारखं गाव आहे, पंतसचिवांचा राजवाडा, नदी, जुनी पेठ. घाट लागण्याआधी आंबवड्याला झुलता पूल आणि झाडीत नागेश्वराचं देऊळ आहे, तिथे अर्धा तास बसायचंच. फक्त पौषातली काळूबाईची यात्रा टाळा, डिसेंबरच्या शेवटी जाणार असाल तर कॅलेंडर बघून घ्या, त्या गर्दीत सायकल काय माणूसही सरकत नाही.

वाईला एक पूर्ण दुपार ठेवा. ढोल्या गणपती सगळे बघतात, तुम्ही मेणवलीला जा, तीन-चार किलोमीटरच आहे. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट आणि मेणेश्वराशेजारची ती मोठी घंटा, वसईच्या मोहिमेतली, १७३९ची, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. तिथून तसंच पुढे धोमला, नंदी बघा, कासवाच्या पाठीवर बसलाय आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. हा सगळा रस्ता सपाट आणि झाडाझाडांतून जातो, आदल्या घाटाने दुखणारे पाय मोकळे होतात.

पसरणी शनिवार-रविवारी अजिबात नको. मुंबई-पुण्याच्या गाड्या वळणावर ओव्हरटेक करतात. आठवड्याचा मधला दिवस, सकाळी सहाला पायथ्याला.

घाटवेडी:
मी उलट्या बाजूने जा म्हणेन. कारण सांगते. आंबेनळी चढायला जेवढा गोड घाट आहे तेवढा आपल्याकडे दुसरा नाही, पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहे आणि वर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरला, ऐकायला भयंकर वाटतं पण ते सगळं चाळीसेक किलोमीटरमध्ये पसरलंय, साहेबाने तेव्हाच्या गाड्यांसाठी काढलेला रस्ता असल्याने चढ कुठेच एकदम अंगावर येत नाही, एका गिअरवर बसलात की बसलात. आणि मधे प्रतापगडाच्या पायथ्याला कुंभरोशीला मुक्काम टाकला तर दोन तुकड्यांत होतो. उतरताना काय होतं, डोळे फक्त रस्त्यावर आणि बोटं ब्रेकवर, जंगल बघायला मिळतच नाही. तुमच्याकडे रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कडच दाबणारे, असतील आणि मागे पंधरा किलो सामान, तर सलग चाळीस किलोमीटर उतार म्हणजे रिम तापतात, टायर फुटायची भीती. थांबत थांबत उतरायचं, सलग ब्रेक दाबून नाही, दाबा-सोडा.

आणि वरंध्याची भोरकडची बाजू चढाची नाहीच फारशी, नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने जाता येतं. तिकडून महाडकडे उतरायचं. मांढरदेवी मात्र वाईकडूनही काही सोपी नाही, तिथे दोन्हीकडून देवीचं नाव घ्यावं लागतं.

सातारी_चेन:
ताई चढ गोड आहे हे कबूल पण पोलादपूरहून सकाळी सातला निघालात तरी दहाला कोकणातली उकाड्याची हवा, डिसेंबरातही घामाने निथळतो माणूस. पहिल्यांदा सामान घेऊन जाणाऱ्याला मी देशावरूनच कोकणात उतरा म्हणेन. वरंधा आंबेनळीच्या मानाने बुटका आहे, परतीचा चढ म्हणून तोच बरा. ब्रेकचं मात्र शंभर टक्के बरोबर, निघायच्या आधी पॅड नवे टाका आणि एक जोडी जवळ ठेवा.

कोयनाकाठ:
मुक्कामाचं कुणी सांगितलंच नाही. महाबळेश्वर गावात थांबूच नका. बाजारात चहा घ्या, क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जाऊन या, कृष्णाबाईचं काळ्या दगडातलं देऊळ तिथून जवळच आहे, तिकडे माणसं कमी जातात, आणि दुपारी प्रतापगडाच्या रस्त्याला लागा. पाचगणीहून येताना भिलार लागतं, पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं वाचायला ठेवली आहेत, २०१७ पासून. मेहुणा जिथे पुढे जाऊन वाट बघतो ना, त्याला तिथे बसवा. महाबळेश्वरच्या जवळ मांघर आहे, २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, मध घ्यायचा तर तिथे.

आता खरं गाव. कुंभरोशीहून खाली आडवाटेला पार आहे. आजचा आंबेनळीचा रस्ता व्हायच्या आधी कोकणातून देशावर जाणारा माल पारघाटाने या गावावरून चढायचा, बैलांचे तांडे, जकात, बाजार सगळं इथे. रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे, तो अजून उभा आहे, नुसता उभा नाही तर वापरात आहे. प्रतापगडावर रोज बसच्या बस रिकाम्या होतात आणि दोन-तीन मैलांवरच्या या पुलावर बहुतेक वेळा गुरं आणि गुराखी सोडून कुणी नसतं. पर्यटन म्हणजे पार्किंग जिथे आहे तिथे, असं झालंय आपलं. कुंभरोशीत राहायची घरगुती सोय होते, आधी फोन करून जा, रात्री पिठलं-भाकरी आणि थंडी चांगलीच, एक जास्तीचं स्वेटर घ्या. सकाळी सायकली तिथेच ठेवून प्रतापगड चालत करा.

पोलादपूरकडे उतरताना घाई करू नका. जुलै २०२१च्या पावसात, महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास सहाशे मिलीमीटर पडला होता तेव्हा, हा घाट ठिकठिकाणी तुटला होता. रस्ता दुरुस्त झाला तरी वळणावर खडी आणि माती येत राहते. ३५च्या टायरला हवा थोडी कमी ठेवा.

निवांत_पेडल:
सगळ्यांचे आभार, पार तर नकाशात कधी लक्षातच आलं नव्हतं. दिशा माझीच ठेवतो, घाटवेडी ताई रागावू नका, आंबेनळी चढायला पुन्हा येईन, मेहुण्याला न घेता. आता दोन प्रश्न. पोलादपूर ते महाड हायवेच आहे ना? आणि वाकडी वाट करून रायगड घ्यावा का वरंधा सरळ पकडावा? बायकोचं म्हणणं आहे की रायगड न बघता परत आलात तर दोघांनीही येऊ नका.

घाटवेडी:
रागावले नाही पण बघाल तुम्ही, उतरताना मान वळवून वळवून वर बघाल. वहिनींचं ऐका. पोलादपूर ते महाड वीसेक किलोमीटर मुंबई-गोवा हायवेच, रुंद आहे पण ट्रक जोरात, सकाळीच उरकून टाका, शोल्डर धरून, मागे लाल दिवा दिवसाही चालू. त्याआधी पोलादपूरहून उमरठला जाता आलं तर बघा, तानाजी मालुसऱ्यांचं गाव, समाधी आहे. महाडला मुक्काम करा, चवदार तळं गावातच आहे, संध्याकाळी तिथे जाऊन बसा. मार्च १९२७चा सत्याग्रह आपण शाळेत एका परिच्छेदात संपवलेला असतो, तिथे काठावर उभं राहून बघितलं की कळतं गावाच्या किती मध्यात आहे ते तळं, आणि त्या पाण्याला हात लावायला मनाई होती.

दुसऱ्या दिवशी सामान लॉजवर ठेवून मोकळ्या सायकलने पाचाड, पंचविसेक किलोमीटर. जिजाऊंची समाधी आणि वाडा पाचाडातच आहे, गडावर जायला पायऱ्या नाहीतर रोपवे. गुडघे दुखत असतील तर रोपवेने जा, कुणी नाव ठेवणार नाही. वेळ होत असेल तर गांधारपाल्याची लेणी सोडून द्या.

मंगळवारपेठी:
वरंध्याचं एक कुणी लिहिलं नाही. हा घाट पावसाळ्यात दरवर्षी बंद करतात आणि कधीकधी कामासाठी नंतरही. नेटवर जुन्या बातम्या सापडतात आणि गोंधळ होतो. सोपी युक्ती, भोरच्या एसटी स्टँडवर जाताना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, महाडची गाडी वरंध्यातून जाते का. एसटी जात असेल तर सायकल जाते. नसेल जात तर महाडहून माणगाव, निजामपूर आणि ताम्हिणीने मुळशी-पुणे, लांब पडतं पण जंगल तेवढंच दाट.

महाड ते भोर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर धरा आणि उजाडायला निघा. बिरवाडी सोडलं की मोठं दुकान असं काही नाही, पाणी तिथेच भरून घ्या, प्रत्येकी तीन लिटर. शिवथरघळीला जायचं असेल तर फाटा घाट सुरू व्हायच्या आधी लागतो, समर्थांचं वास्तव्य होतं ती जागा, पण मग तो दिवस भोरला पोचायचा नाही, मुक्काम तिथेच धरून चाला. वर वाघजाईपाशी माकडं आहेत, केळी पॅनियरच्या, म्हणजे कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्यांच्या, बाहेरच्या खिशात ठेवू नका, चेन उघडता येते त्यांना. घाटात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नाही, दोघांनी एकत्रच राहा, मेहुण्याला हे लेखी द्या.

आणि पुण्यातून बाहेर पडताना कात्रजच्या नव्या बोगद्याने जाऊ नका, जुन्या घाटाने जा नाहीतर सिंहगड पायथ्यावरून कोंढणपूरमार्गे खेड शिवापूरला निघा. हायवे मग कापूरहोळपर्यंतच उरतो.

निवांत_पेडल:
मेहुण्याला धागा वाचायला दिला. तो म्हणतो माकडांची भीती नाही पण स्पोक तुटला तर काय? महाडला सायकलवाला आहे का?

सातारी_चेन:
साध्या सायकलींचे असतात, पंक्चर-ट्यूब होईल. तुमच्या मापाचे स्पोक, चेनची जोडकडी आणि मागचा गिअर ज्यावर बसतो तो हँगर पुण्यातूनच घेऊन निघा. तिन्ही मिळून मुठीत मावतात. मागच्या चाकाचे स्पोक आधी एकदा कसून घ्या, सामानाने तुटतात ते मागचेच.