झाड, झुडूप, रोप, वेल: नक्की फरक काय?

मुलीला शाळेत चार्ट करायचाय, वृक्ष, झुडूप, रोपटे, वेल अशा चार रांगा आणि खाली चित्रं. आम्ही दोघं बसलो आणि तिसऱ्याच चित्राला अडकलो, केळ कुठे टाकायची? ती दोन माणसं उंच म्हणजे वृक्ष म्हणावं तर लाकूड कुठाय. मग बांबू, मग तुळस, मग बोगनवेल. आणि इंग्रजीत हर्ब म्हणतात त्याला मराठीत रोपटं म्हणायचं का? मग वडाचं रोप म्हणतो ते काय? जाणकारांनी प्लीज सांगा.

---

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सगळा घोळ तिथेच आहे. रोप हे वय आहे, प्रकार नाही. नर्सरीत वांग्याचं रोप मिळतं तसं सागाचंही मिळतं, पुढे एक कमरेएवढं होणार आणि दुसरं तिमजली. पाठ्यपुस्तकाने हर्बसाठी रोपटे घेतलं आणि तेव्हापासून पोरं गोंधळतायत. जुन्या जाणकारांनी आणि विश्वकोशवाल्यांनी यासाठी ओषधी वापरलाय, पण तो वाचला की लोकांना औषध आठवतं. मूळ अर्थ वेगळा होता. चरकसंहितेत पहिल्याच अध्यायात वनस्पतींचे चार प्रकार दिलेत आणि तिथे ओषधीची व्याख्या आहे फलपाकान्त, म्हणजे फळ पिकलं की जिचा शेवट होतो ती. म्हणजे भात, गहू, ज्वारी या ओषधी, आणि गुळवेल औषधी असली तरी ओषधी नाही, ती चरकाच्या हिशोबात वीरुध, प्रतान म्हणजे लांब फुटवे सोडून पसरणारी.

बाकीचे दोन अजून मजेशीर आहेत. वानस्पत्य म्हणजे ज्याला फूल येऊन मग फळ येतं, आंब्यासारखं. आणि वनस्पती म्हणजे ज्याला फूल न दिसता थेट फळच येतं असं, उंबर, वड, पिंपळ. आपण आज शेवाळापासून सागापर्यंत सगळ्याला वनस्पती म्हणतो, तेव्हा तो शब्द फक्त या मंडळींचा होता. उंबराला फुलं असतात, पण ती फळाच्या आत कोंडलेली असतात, म्हणूनच क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो.

आता उंची. मला वाटतं चार्टमध्ये सगळ्यात मोठी चूक हीच होते की उंच तो वृक्ष, मध्यम ते झुडूप, बुटकं ते रोपटं. उंचीने काही ठरत नाही. दोन गोष्टी बघा, लाकूड होतं का, आणि खोड जमिनीतून एकच येतं का बुडापासूनच अनेक फांद्या फुटतात. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात क्षुपाची, म्हणजे झुडपाची, व्याख्या आखूड फांद्या-मुळांचा अशी आहे आणि गुल्म म्हणजे ज्याला मुख्य खोडच नाही तो, म्हणजे तिथेही खोड बघितलंय, फूटपट्टी नाही. डाळिंबाचं बघा, आपल्याकडे शेतकरी बुडातून तीन-चार खोडं राखतात तेव्हा ते झुडूप, आणि एकच खोड ठेवून वर छाटलं तर तेच छोटं झाड दिसतं. जात तीच, वाढवण्याची पद्धत वेगळी.

केळीचं उत्तर सोपं आहे. आपण जे खोड म्हणतो ते पानांच्या देठांची गुंडाळी आहे, खरं खोड जमिनीखालचा कंद. घड काढला की ते खोड संपतं आणि शेजारची पिल्लं वर येतात. म्हणजे कितीही उंच झाली तरी हर्बच. पपईतही तसं पक्कं लाकूड होत नाही, पण ती खूपच झाडासारखी दिसते, चार्टात वाद नको असेल तर तिला घेऊच नका.

---

बांबू गवत आहे हे सगळ्यांना माहितीये, पण कायद्याला माहीत नव्हतं, 1927 च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत ताड-माड आणि वेताबरोबर बांबूही घातलेला होता. म्हणजे तोडायचा, न्यायचा तर लाकडासारखी परवानगी. आमच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली बांबूचा हक्क लढून घेतला, 2011 मध्ये ग्रामसभेला वाहतूक परवाने द्यायचा अधिकार मिळाला, आणि त्या व्याख्येतून बांबू काढायला 2017 उजाडलं, तो बदलही फक्त जंगलाबाहेर बांबू लावणाऱ्यांच्या सोयीसाठी. तेव्हा झाड की गवत हा नुसता शाळेतल्या चार्टचा प्रश्न नाहीये, त्यावर लोकांची पोटं होती.

आणि अमरकोश काढलाच आहे तर बांबूला तिथे तृणध्वज म्हटलंय, गवताचा झेंडा. दुसरं नाव त्वक्सार, ज्याचा कस सालीत आहे असा, सागाच्या उलट, सागाचा कस गाभ्यात. खजूर, ताड, केतकी यांना तृणद्रुम म्हटलंय, म्हणजे गवताच्या गोतातली झाडं. आजच्या वनस्पतीशास्त्रातही ही सगळी एकदलच. सूक्ष्मदर्शक नसताना नुसतं तोडून, चिरून बघून हे लक्षात आलं असणार.

---

कोकणातून थोडी भर. आमच्याकडे कोणी नारळाचं झाड फारसं म्हणत नाही, माड म्हणतात, सुपारीची पोफळ. आंब्याच्या बाबतीत तर कलम की रायवळ एवढंच विचारतात, कारण बाठीतून आलेलं रायवळ उंच सरळ जातं आणि हापूसचं कलम बुटकं पसरतं, कसं वाढलंय ते नावातच आलं. आणि झुडूप हा शब्द मी बोलण्यात कधी ऐकला नाही, पुस्तकातच. करवंदीची जाळी असते, बांबूचं बेट, केळीचं बन, निवडुंगाचा फड. एकेकटं उभं राहत नाही अशाला लोकांनी घोळक्याचंच नाव दिलंय, मला हे पुस्तकापेक्षा पटतं.

कारवी कुठे घालायची सांगा बरं? लाकडी काठ्या होतात, त्यांचा कूड घालून भिंती करतात, म्हणजे झुडूप. पण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि अख्खा डोंगर वाळून जातो. म्हणजे वरची व्याख्या लावली तर ओषधी!

---

कारवी भारी आठवली. दोन्ही खरं आहे, कारण झुडूप हा आकाराचा प्रकार आणि फलपाकान्त हा आयुष्याचा, एकाच रांगेत दोन्ही बसवायला गेलं की हे होणारच. विदर्भ-मराठवाड्यात कपाशीचं असंच आहे, शेतात ती एका हंगामाचं पीक, पण वेचणी संपल्यावर उरते ती पऱ्हाटी जळण म्हणून चुलीत जाते, म्हणजे लाकूडच ना, आणि अंगणातला देवकापूस वर्षानुवर्षं वाढत बसतो आणि वातींना कापूस देतो. तुरीच्या तुऱ्हाट्यांचं तेच.

वेलीबद्दल राहिलं. वेल सगळी एकसारखी चढत नाही. कारलं, काकडी, द्राक्ष ताणे सोडून धरतात, गुळवेल स्वतःच पीळ घालते, काळी मिरी मुळांनी चिकटते, आणि बोगनवेल काट्यांनी अडकत जाते. म्हणून बोगनवेलीला आधार मिळाला तर वेल आणि कुंपणाला छाटली तर झुडूप, दोन्हीकडे चित्र लावलं तरी चालेल. कोकणातली गारंबी मात्र महावेल, खोड लाकडी आणि शेंग मीटरभराच्या वर.

तुळस बुडाशी लाकडी, वर कोवळी. प्राचीन ग्रीक अभ्यासक थिओफ्रॅस्टसने वृक्ष, झुडूप, हर्ब यांच्यामध्ये अशांसाठी चौथा खण केला होता, आपल्याकडे उपक्षुप म्हणतात. पण चौथीच्या बाईंना उपक्षुप कोण समजावणार, झुडपात टाका. बांबू आणि केळ यांच्यासाठी पाचवी रांग काढा आणि वर लिहा, लाकूड नसलेली उंच मंडळी.

---

पाचवी रांग काढली. बाईंनी विचारलं तर हा धागाच दाखवेन. अजून एक, बांडगूळ कुठे?

---

आंब्याच्या चित्रावरच काढा. आणि तिला हेही सांगा की बांडगूळ पानं हिरवी असल्याने स्वतःचं अन्न बनवतं, झाडाकडून पाणी आणि क्षार घेतं. पूर्ण फुकट खाणारी ती पिवळी अमरवेल, पण शिवी मात्र बांडगुळाच्या नावाने पडलीये.