ऑपरेशनसाठी वर्गणी काढण्याआधी योजना बघायला नको का?

वडगावकर
आमच्या मंडळाच्या ग्रुपवर ऑपरेशनच्या मदतीची आवाहनं आता सारखी येतात. बाळाचा नळ्या लावलेला फोटो, हॉस्पिटलचं एस्टिमेट, खाली क्यूआर कोड. लोक शंभर-पाचशे टाकतात, टाकावेतच. पण मंडळानं आवाहन पुढं पाठवण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे: योजनेत बघितलंत काय? कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही सरकारी उपचार योजना आहे. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचं) कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मुलांच्या जन्मजात हृदयदोषासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. अंगणवाडी आणि शाळेत येणारं तपासणी पथक त्याचंच. जे हक्काचं आहे त्यासाठी आईबापांना पोराचा तसला फोटो गावभर फिरवावा लागतो, हे मला बघवत नाही.

खानापूरकर
शहरात बसून हे बोलणं सोपं आहे. इमर्जन्सी नसेल तर खाजगी हॉस्पिटलात योजना लागू व्हायला आधी सरकारी दवाखान्याचं रेफर पत्र लागतं. कणकुंबीकडचा माणूस आधी खानापूरला येणार, तिथनं बेळगावला सिव्हिलला. तिथं सांगणार, हे ऑपरेशन इथंच होतंय, नंबर लागला की या. कागद कन्नडमध्ये, ते वाचून दाखवणारा कोणीतरी शोधायचा. प्रत्येक खेपेला दोघांची मजुरी बुडते.

आणि एपीएलवाल्यांचं, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्यांचं काय? त्यांना पॅकेजच्या, म्हणजे योजनेत उपचाराला ठरलेल्या दराच्या ३० टक्केच मिळतात, तेही वर्षाला १.५ लाखापर्यंत. वर्षाची मिळकत १.२ लाखाच्या वर गेली की बीपीएल नाही. म्हणजे महिना दहा हजारांच्या वर कमावणारा माणूस सरकारच्या लेखी गरीब राहत नाही! त्यानं तीन-चार लाखांचं बिल कुठनं भरायचं? सावकाराकडं जाण्यापेक्षा चार लोकांपुढं हात पसरलेला बरा. त्यात लाज कसली?

निपाणीकर
लाज पेशंटला नकोच, सरकारला हवी. आमच्या भागातले लोक पूर्वीपासून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातात. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तर कर्नाटकानं आक्षेप घेतला. भांडण दोन राज्यांचं आणि हेलपाटे आजारी माणसाचे.

वर्गणीबद्दल माझा राग वेगळाच आहे. ती कुणाला मिळते बघा. गोंडस बाळाला मिळते, नाहीतर ज्याचा भाचा पुण्यात आयटीत आहे त्याला. आमच्याकडं विड्या वळून छाती खराब झालेल्या साठीच्या बाईसाठी किती जमतात? आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस लागतं त्याला तर पहिल्या महिन्यानंतर कोणी विचारत नाही. कुणाचा जीव वाचवायचा हे फोटोवर ठरतं, ते मला मान्य नाही.

खानापूरकर
मग त्या बाईला मिळत नाही म्हणून बाळालाही देऊ नये?

शहापूरची सिस्टर
वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. योजनेबद्दल विचारायला बरेच नातेवाईक आगाऊ रक्कम भरून झाल्यावर येतात. पेशंट दाखल करतानाच कार्ड दाखवा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा. डायलिसिससाठीही २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, बीपीएल पेशंटना डायलिसिस जिल्हा रुग्णालयात मोफत मिळतं.

वर्गणी काढणारच असाल तर पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात, पेशंटच्या नोंदणी क्रमांकावर जाऊ देत. ऑनलाइन मंचावर मोहीम काढत असाल तर ते स्वतःसाठी किती कापतात, आधी वाचा. काही टक्केवारी घेतात, काही दात्याकडं वेगळी 'टिप' मागतात.

वडगावकर
सिस्टरांचं म्हणणं मंडळाला सांगतो. पण खानापूरकर, योजनेचा नकार लेखी घेतल्याशिवाय आवाहन पुढं जाऊ नये, यावर मी ठाम आहे. तसा कागद असला तर आमदारांकडं, मुख्यमंत्री निधीकडंही जाता येतं.

खानापूरकर
लेखी नकार द्यायला कोण तयार होतंय, सांगा? तोंडी 'नाही' म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. तुमचं मंडळ खरंच मदत करणार असेल तर कन्नड वाचता येणारी दोन पोरं पेशंटबरोबर सिव्हिलला पाठवा. त्यांना ते पत्र मिळेपर्यंत आम्ही इकडं वर्गणी थांबवणार नाही.