मुंगूस चावलं, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात का?

परसदार७: मुलाला मुंगूस चावलं. जो तो म्हणतोय पोटात चौदा इंजेक्शनं. ते ऐकून पोरगं दवाखान्यात यायलाच तयार नाही. मुंगसाला चौदाच लागतात की कमी? पटकन सांगा, प्रवचन नको.

आडवाटा: कुठे चावलं? रक्त आलं का? कधी? वय, वजन? रेबीजची लस आधी कधी झालीय? यातलं काहीच न सांगता आकडा कसा सांगणार?

कैरीपन्हं: पोटातली लस इतिहासजमा झाली. ती सेंपल लस, १९११ साली कसौलीला तयार झालेली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा आणि फिनॉलने मारायचा. ताकद कमी, म्हणून रोज टोचायची. द्रवही बराच, म्हणून पोटाच्या कातडीखालची ऐसपैस जागा. त्यातल्या मेंदूच्या अंशामुळे काहींना लकवा व्हायचा. आपल्याकडे २००५च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात, अगदी लहान मुलांना मांडीत. ढुंगणावर घेऊ नका, चरबीत वाया जाते.

परसदार७: उजव्या हाताचं बोट. रक्त आलं, थोडंच. आज सकाळी. पुसून चुना-हळद लावलीय. मुंगूस अजून कुंपणाशी दिसतंय. कुत्र्याचं बघतात तसं दहा दिवस बघायचं का?

आडवाटा: अजिबात नाही! दहा दिवसांचा नियम फक्त कुत्र्या-मांजराचा. रानटी जनावर चावून रक्त आलं म्हणजे थेट तिसरी, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणी, लस आणि सीरम दोन्ही आजच. आधी चुना काढा. वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ बघून १५ मिनिटं धुवा, मग बीटाडीन. घट्ट पट्टी नको, टाके तर नकोच.

रानभूल: दिवसाढवळ्या अंगणात आलं म्हणजे पिसाळलेलंच असणार. पिंजरा लावून पकडा.

आडवाटा: मुंगूस दिवसाच फिरतं हो, त्यावरून काही ठरत नाही. न डिवचता माणसाच्या अंगावर आलं तर शंका घ्यायची. आणि पिंजरा लावणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, वनविभागाला कळवा.

जुनाजाणता: सात विहिरींत डोकावायचं, विष उतरतं. मुंगूससुद्धा साप चावला की मुंगूसवेलीची मुळी खातं, म्हणून तर वाचतं.

कैरीपन्हं: काका, मुळीबिळी काही खात नाही. त्याच्या स्नायूंवर विष जिथे चिकटतं त्या जागांची घडणच अशी की नागाचं मज्जातंतूंवरचं विष तिथे चिकटत नाही. शिवाय चपळाई. रेबीजपुढे यातलं काहीच चालत नाही.

जुनाजाणता: मग आमच्या वाडवडिलांनी काय खोटं सांगितलं?

आडवाटा: वाडवडिलांचा वेगळा धागा काढा. @परसदार७, वजन???

परसदार७: १८ किलो. लस आधी नाही. सीरम म्हणजे तीच लस ना?

कैरीपन्हं: नाही. लशीने शरीर प्रतिपिंडं तयार करायला आठवडाभर घेतं, तोवर जखमेतला विषाणू तिथेच अडवायला सीरम. घोड्याचं असेल तर किलोमागे ४० एकक, म्हणजे ७२०. बाटलीवर मिलीला ३०० एकक लिहिलं असेल तर २.४ मिली. माणसाचं असेल तर निम्मी एककं. पोराला उपाशीपोटी नेऊ नका. सीरम जखमेत टोचतात, उरलेलं मांडीत देतात.

आडवाटा: मांडीत द्यायचं जुनं झालं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१८पासूनचा सल्ला: जखमेत आणि कडेने मावेल तेवढंच. बोटात जागा केवढीशी! जोर लावून भरलं तर रक्तपुरवठा दाबला जातो.

कैरीपन्हं: कित्येक ठिकाणी अजून मांडीत देतातच.

आडवाटा: देतात म्हणून बरोबर ठरत नाही.

परसदार७: तुमचं चालू द्या. एकूण टोचण्या किती? पोरगं विचारतंय.

आडवाटा: सरकारी रुग्णालयात बहुधा कातडीत देतात: दर खेपेला दोन्ही दंडांत ०.१ मिली, दिवस ० (पहिल्या डोसाचा), ३, ७, २८. खाजगीत स्नायूत एकेक: ०, ३, ७, १४, २८. ज्या पद्धतीने सुरू कराल तिनेच पूर्ण करा. पोटात एकही नाही. पण बोटातलं सीरम दुखतं, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला येणारच नाही. धनुर्वाताचंही विचारा. लस आरोग्य केंद्रात मिळते, सीरम सगळीकडे नसतं, म्हणून निघण्याआधी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात फोन करा. आज नाहीच मिळालं तर लस थांबवू नका, पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत सीरम चालतं.

परसदार७: फोन लागला, सीरम आहे म्हणाले. निघालो.

जुनाजाणता: मुंगूसवेलीचा धागा कोणत्या विभागात काढू?