मदत हवी आहे: सोनोग्राफी नॉर्मल, सीए-१२५ नॉर्मल, तरी पाळीत शौचाला बसता येत नाही

वाळपईकरीण
भाचीसाठी विचारते आहे. वय २३, लग्न झालेलं नाही. पणजीला नोकरी, रोज कदंबा बसने ये-जा. पाळीच्या आदल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत ओटीपोटात आणि कमरेत कळा. त्याच दिवसांत शौचाच्या वेळी आत सुरी फिरल्यासारखं दुखतं. हल्ली पाळी नसतानाही ओटीपोट जड असतं आणि लघवीला सारखं जावंसं वाटतं. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल, सीए-१२५ ही रक्ततपासणी २८, म्हणजे नॉर्मल. कळ असह्य झाली की मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिनची एकत्र गोळी घेते, उपयोग अर्धाच. घरातले म्हणतात लग्नानंतर थांबेल. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं) नाही असं धरायचं का? दुर्बिणीची तपासणी (पोटाला छोटा छेद देऊन आत बघणं) लगेच करायची का?

ओपीडी_नोंद
ताई, नाही असं मुळीच धरू नका. पोटावरच्या सोनोग्राफीत बीजकोशातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दिसते. पोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक ठिपके कुठल्याच सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. गर्भाशयामागच्या, गुदाशयाला चिकटलेल्या गाठी तर पोटावरून बहुतेकदा निसटतात. आणि तुम्ही लिहिलेल्यात सगळ्यांत बोलकं लक्षण तेच आहे, पाळीतच शौचाला दुखणं. डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगा. योनीमार्गातून तपासणी नको असेल तर ओटीपोटाचा एमआरआय हा पर्याय आहे. फॉर्मवर 'एंडोमेट्रिओसिसची शंका' असं लिहून घ्या, म्हणजे रेडिओलॉजिस्ट नेमकी ती जागा बघतात. सीए-१२५ बाजूला ठेवा. तो नॉर्मल असला म्हणून आजार नाही असं ठरत नाही आणि वाढला म्हणून आहे असंही नाही.

दुर्बीण लगेच लागतेच असं नाही. युरोपातल्या एश्रे या प्रजननवैद्यकाच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरूनच औषध सुरू करता येतं; तपासण्या नॉर्मल असून औषधाने फरक पडला नाही, किंवा औषध घ्यायचंच नसेल, तर दुर्बीण.

लग्नाबद्दल: लग्न हा यावरचा इलाज नाही. गरोदरपणात काहींचं दुखणं तात्पुरतं दबतं, आजार जात नाही. शिवाय संबंधांच्या वेळी दुखणं हे याच आजाराचं लक्षण आहे. घरच्यांना हे स्पष्ट सांगा, मुलीवर तो भार नको.

गोळीचं_वेळापत्रक
गोळीची वेळ चुकते आहे. कळ प्रोस्टाग्लँडिन या गर्भाशयाला आकुंचन पाववणाऱ्या रसायनामुळे येते आणि मेफेनॅमिक ते तयार होणं थांबवतं. एकदा तयार झालेलं पुसून टाकत नाही. म्हणून पहिली चाहूल लागताच ५०० मिग्रॅ, जेवणानंतर, दिवसातून ३ वेळा, २-३ दिवस. तिची पाळी नियमित असेल तर आदल्या दिवसापासून सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. सोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, वेदनाशामकाने बळावणारा दमा असेल तर हे औषधच नको. अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर. २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने याबद्दल इशारा दिला होता.

आणि डायसायक्लोमिनने बद्धकोष्ठता होते. जिला शौचाला बसतानाच दुखतं, तिला ते का द्यायचं? नुसत्या मेफेनॅमिकबद्दल विचारा.

फिजिओ_फोंडा
पाळी नसतानाचं जडपण आणि सारखी लघवी, यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडल्याची दाट शक्यता आहे. आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही हे बघा. मोबाईलवर बघून केगल (हे स्नायू आवळायचे व्यायाम) सुरू केले असतील तर थांबवा, आखडलेला स्नायू आणखी आवळला की दुखणं वाढतं. त्याऐवजी पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, ४ आकड्यांत श्वास आत, ६ आकड्यांत बाहेर. श्वास घेताना पोट फुगतं आणि खालचा भाग आपोआप सैल सुटतो, तिथे लक्ष ठेवायचं. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. नेहमीची चूक म्हणजे सैल सोडण्याऐवजी शौचासारखा जोर लावणं.

शौचाला पायांखाली वीतभर उंचीचा पाट. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटंच. तासन्‌तास ठेवली तर कातडीवर तपकिरी जाळी उमटते. लघवीची जळजळ असेल तर २ आठवडे सोलकढी, व्हिनेगरचे पदार्थ आणि कॉफी बंद करून एकेक परत सुरू करा, म्हणजे नेमकं काय झोंबतं ते कळेल. सगळंच कायमचं सोडायची गरज नाही.

वाळपईकरीण
मनापासून आभार. डायनोजेस्ट या एंडोमेट्रिओसिसवरच्या हार्मोनच्या गोळीबद्दल ऐकलं आहे. किती दिवस वाट बघायची?

ओपीडी_नोंद
२ मिग्रॅ रोज, ठरलेल्या वेळी, मध्ये खंड नाही. पहिले तीन महिने अवेळी डाग लागतात आणि 'बाधलं' म्हणून काही जणी तिथेच सोडतात. तोवर धीर धरा, पण मन फार खचलं तर लगेच कळवा. रक्तात गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी सांगायचं. ते गर्भनिरोधक म्हणून धरू नये.

बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) स्त्रीरोग ओपीडीत जाताना दोन पाळ्यांची एक पानी नोंद न्या: तारीख, ० ते १० मध्ये दुखणं, जागा, शौच-लघवी, गोळी किती वाजता. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं) सोबत ठेवा; शस्त्रक्रियेची वेळ आली तर ती यादीत बसते का ते आधीच विचारा. एका बाजूला अचानक प्रचंड कळ आणि उलट्या झाल्या तर मात्र ओपीडीची वाट बघू नका, बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. थेट इमर्जन्सी.