फोटोग्राफी-व्हिडिओ शिकायला कलाशाळेत चार वर्षं घालवावीत का?

पडद्यामागे (धागाकर्ता)

परळला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी आहे. तिची बारावी झाली, कलेची सीईटी दिली, आणि आता तिला फोटोग्राफी-व्हिडिओच करायचंय. घरात तीन आठवडे त्यावरून धुसफूस चालू आहे. मामांचं म्हणणं, चार वर्षांच्या फीत चांगला कॅमेरा आणि दोन लेन्स येतील, बाकी सगळं यूट्यूबवर आहे. मी याच धंद्यातला म्हणून तिची आई विचारायला आली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो: जमत असेल तर मुलीला कलाशाळेतच घाला.

मी उपयोजित कला केली, शेवटच्या वर्षी फोटोग्राफी घेऊन. कॅमेऱ्याची बटणं पंधरा दिवसांत येतात, त्यासाठी कॉलेज नको. पण एक असाइनमेंट मला अजून पुरतेय. दादरचं फुलमार्केट, एक महिना, एकच लेन्स, आठवड्याला एकच रोल, म्हणजे ३६ फोटो. पहिल्या आठवड्यात पहाटे पाचला जाऊन झेंडूचे ढीग, टोपल्या, म्हाताऱ्या बायकांचे सुरकुतलेले हात असं सगळं टिपून आणलं. शुक्रवारी प्रिंट भिंतीवर लावले. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तू तिथे होतास, हे यातल्या एकाही बाईला माहीत नाही." पुढच्या आठवड्यात कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि एका मावशींशेजारी बसून शेवंती निवडायला लागलो. तेव्हा दिसलं. डोक्यावरच्या बल्बचा पिवळा उजेड आणि पुलापलीकडून येणारी पहाटेची निळाई त्यांच्या चेहऱ्यावर नेमकी नाकाच्या रेषेत भेटत होती. दहा मिनिटं, फार तर. मग उजाडलं आणि संपलं. त्या दिवशी मी तीनच फोटो काढले, तेही त्यांना विचारून.

आपलं काम भिंतीवर लावून बावीस जणांसमोर गप्प उभं राहायचं आणि ऐकून घ्यायचं, हे दर शुक्रवारी घडायला जागा लागते. फोनवर लाइक मिळतात, असं कोणी थांबून बघत नाही.

फोकसपुलर

सहमत नाही, आणि हा विषय माझ्या पोटाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मी परभणीहून आलो. वडिलांना फी परवडली असती की नाही हा पुढचा प्रश्न, मुंबईत चार वर्षं राहायचं कुठे? मी अंधेरीत सहा जणांत खोली घेतली आणि लाइट डिपार्टमेंटमध्ये लागलो. एका लाइटदादांनी पहिले दोन महिने मला फक्त उजेड परतवायचा थर्माकोल धरायला लावला. हिरोइनच्या चेहऱ्यापासून चार फुटांवर थर्माकोल इंचभर कलला की डोळ्याखालची सावली कशी भरते आणि जास्त कलला की चेहरा कसा सपाट होतो, हे मला हातातून कळलं. आज फोकस ओढतो, म्हणजे नट हलेल तसा लेन्सचा फोकस त्याच्यावर धरून ठेवतो, तेव्हा नटाचं पाऊल पडायच्या आधी अंतर कळतं. हे कुठल्या वर्गात येतं?

कलाशाळेतली मुलं सेटवर येतात. बोलतात छान. पण केबल गुंडाळायला दिली की कोपराभोवती पीळ घालत बसतात आणि दुसऱ्या दिवशी ती केबल उलगडत नाही. एक वेटोळं सरळ, एक उलटं, इतकं सोपं आहे ते. चार वर्षांत कोणीच सांगितलं नाही?

गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्र शिकले होते, पुढे जाहिरात कंपनीत गेले. पोर्ट्रेटमध्ये त्यांच्याइतकं नाव कोणी कमावलं? त्याआधीचे सावेदादा, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चालत्या चित्रांचे खेळ झाले आणि १८९९ मध्ये या गृहस्थाने हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. चालत्या चित्रांचा कोर्स कुठे होता तेव्हा?

जुनी निगेटिव्ह

फोकसपुलर, दाखला चांगला आहे, पण अर्धाच. शाळा नव्हती म्हणून ती माणसं घडली असं नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ ची. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट तर १८५७ चं, म्हणजे या शहरात फोटोग्राफीचा वर्ग चित्रकलेच्या शाळेच्या आधीचा आहे. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये जे. जे. मध्ये आले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं सगळं हाताखालून घातलेला माणूस होता तो. म्हणूनच सिनेमासाठी पैसे उभे करायची वेळ आली तेव्हा कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचं रोज थोडं थोडं चित्रण करायचं सुचलं. तसं सुचायला डोक्यात आधी बरंच पेरलेलं लागतं.

फोकसपुलर

फाळके मान्य. पण तेव्हाचं जे. जे. आणि आजच्या खाजगी संस्था एका ओळीत बसवू नका. सरकारी कॉलेजात जागा मोजक्या. ती नाही मिळाली की आईवडील कर्ज काढून खाजगी संस्थेत घालतात, आणि मुलगा बाहेर पडून सहाय्यक म्हणून लागतो तो माझ्याच शेजारी, तेवढ्याच पैशांत. फरक इतकाच की त्याच्या डोक्यावर हप्ता असतो.

कल्याण फास्ट

मी लग्नांचं शूटिंग करते, सात वर्षं झाली. मला कलाशाळेत जायचं होतं, घरून नाही म्हणाले. म्हणून दोन्हीकडचं लिहिते.

सुरुवातीला डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये हळद शूट केली. घरी येऊन लॅपटॉपवर लावलं तर सगळ्या फ्रेमभर काळपट आडवे पट्टे सरकत होते. नवरीची आजी तिला हळद लावताना रडतेय आणि तिच्या तोंडावरून पट्टा जातोय. कॅमेरा आला तसाच वापरला होता, सेकंदाला ३० फ्रेम आणि शटर १/६० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. २५ फ्रेम आणि १/५० ठेवलं असतं तर काही झालं नसतं. एका वाक्याची गोष्ट! मला ती पुढे कधीतरी एका दुकानदाराने सांगितली. ती आजी नंतर वर्षभरात गेली. मुलीने क्लिप मागितली तेव्हा मी तीच पट्ट्यांची पाठवली, दुसरी नव्हतीच. काय माहीत नाही हेच माहीत नसेल तर यूट्यूबवर शोधणार काय?

आणि फोकसपुलरदादा, तुम्ही सहा जणांत खोली घेतलीत. अठरा वर्षांच्या मुलीने काय करायचं? रात्री दोनला पॅकअप झालं की घरी कशी जायची? वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई, होमाई व्यारावाला, जे. जे. त शिकल्या. कॅमेरा त्यांच्या हाती माणेकशांनी, म्हणजे पुढे त्यांचे पती झालेल्या माणेकशा व्यारावालांनी दिला, तेही खरं. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो माणेकशांच्या नावावर छापले जायचे, कारण बाईला कोण ओळखतं! मुलीसाठी कॉलेज म्हणजे शिक्षण तर आहेच, शिवाय "मी हे करतेय" असं चारचौघांत सांगायची सोय आहे. ती तुम्हाला कधी लागली नाही.

फोकसपुलर

ताई, ही बाजू माझ्या डोक्यात नव्हती. आमच्या युनिटमध्ये कॅमेऱ्याकडे आज एकच मुलगी आहे, तीही कॉलेजातूनच आलेली. कर्जाचं मात्र मी सोडणार नाही.

पडद्यामागे (धागाकर्ता)

सोडूही नका. तिच्या आईला मी दोन गोष्टी सांगितल्या. सरकारी जागा मिळाली तर डोळे झाकून घ्या. नाही मिळाली तर कर्ज काढून खाजगीत घालू नका. वर्षभर कोणाच्या तरी हाताखाली काम करू दे, पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी. मूळ धाग्यात मी "जमत असेल तर" एवढ्या तीन शब्दांवर भागवलं, ते कमी पडलं.

केबलचं मात्र लागलं मला. खरंच कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच कामावर मी कोपराभोवतीच गुंडाळली होती.

फोकसपुलर

मग त्या मुलीला रविवारी पाठवा. फिल्मसिटीत जाहिरातीचं काम आहे, सकाळी सहाचा कॉल टाइम. दिवसाचे पैसे मिळतील, फुकट राबवून घेणार नाही. केबल आणि थर्माकोल मी स्वतः शिकवतो.

कल्याण फास्ट

बायकांसाठी व्हॅनिटी व्हॅन किंवा बाथरूमची सोय आहे का? आणि पॅकअप किती वाजता, ते आधी सांगा.

फोकसपुलर

बाथरूम शूटिंगच्या फ्लोअरलाच आहे. पॅकअप संध्याकाळी सहाला, उशीर झाला तर प्रॉडक्शनची गाडी परळपर्यंत सोडेल. तिच्या आईला माझा नंबर द्या, मी आधी त्यांच्याशी बोलतो.